पहिला ट्यूब ॲम्प कुठला बांधावा, आणि बुटीकशी त्याची तुलना कशी करावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही नाशकात इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहता. घरात एक टेलिकास्टर आहे आणि एक हंबकरवाली, म्हणजे जाड आवाजाच्या पिकअपची, लेस पॉल धाटणीची गिटार. महिन्यातून दोनेकदा गंगापूर रोडकडच्या कॅफेत ड्रमरसोबत वाजवता. हातात ऐंशी हजार आहेत. फेंडरचं ५ई३, मार्शलचं १८ वॅट आणि ट्रेनरेक एक्स्प्रेस, म्हणजे ट्यूबवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या गिटार ॲम्पची तीन जुनी सर्किटं, यांपैकी एक स्वतः बांधायचं, की अजून दोन वर्षं पैसे साठवून परदेशी बुटीक ॲम्प मागवायचा, हे ठरत नाहीये. आणि शेवटी विचारलंय, "सर, यातला सगळ्यात भारी साउंड कुठला?"

हा शेवटचा प्रश्न बाजूला ठेवा. तुमची खरी अडचण वेगळी आहे: जिथे वाजवणार तिथे तुम्हाला किती मोठा आवाज करू देतील? सर्किटची निवड त्याच्या मागून येते. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. ट्यूब ॲम्प बांधायला लागून वीस वर्षं झाली. तीसेक ॲम्प माझ्या टेबलावरून गेले, त्यातले निम्मे दुसऱ्यांनी हौसेने बांधलेले आणि शिट्ट्या मारायला लागल्यावर माझ्याकडे आलेले. त्या सगळ्यांत सर्किट चुकीचं निवडल्यामुळे फसलेला ॲम्प क्वचित होता. खोलीला न शोभणारा ॲम्प मात्र बऱ्याच जणांकडे होता.

आवाजाचं गणित एकदा करून टाकू. वॅट दहापट झाले की दहा डेसिबल वाढतात, आणि आपल्या कानाला ते साधारण दुप्पट वाटतात. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प सोडून पाच वॅटचा घेतला तर आवाज फार तर निम्मा होतो. बारा इंची गिटार स्पीकर बहुधा ९७ ते १०० डेसिबलचे असतात, एका वॅटला एका मीटरवर. शंभरच्या स्पीकरला पाच वॅट दिले की १०७ झाले. बंद फ्लॅटमध्ये एवढा आवाज म्हणजे दुसऱ्या गाण्याला खालचे काका दारात. तुम्ही व्हिडिओत जो ५ई३ ऐकून वेडे झालात, त्याचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा होता, माइक स्पीकरला नाक लावून होता, आणि तुम्ही तो ऐकलात इअरफोनवर. आउटपुट ट्यूब, तिचा आवाज स्पीकरला पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागद, तिघांनाही घाम फुटल्यावर तो आवाज येतो. घरी व्हॉल्यूम दोनवर ठेवून तुम्हाला त्यातलं काहीच मिळणार नाही, मग ॲम्प ऐंशी हजारांचा असो की चार लाखांचा.

घरासाठी ॲम्प हवा असेल तर सरळ सांगतो, या तिन्हींतला एकही नको. कॅफेसाठी हवा असेल तर पंधरा-अठरा वॅट आणि शंभर डेसिबलचा स्पीकर पुरेसा होतो. अर्थात ड्रमर कोण यावरही आहे. तो नाशिक ढोलाच्या पथकातून आलेला असेल तर माझं गणित रद्द समजा.

आता 'बुटीक' या शब्दाविषयी. साड्यांचं बुटीक असतं तसंच हे: मोजके नग, हातचं काम, किंमत चढी. सर्किट मात्र बहुतेक वेळा जुन्याच घराण्यातलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने बेसमनचं ५एफ६-ए हे मॉडेल काढलं. लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी तेच पुढ्यात ठेवून १९६२-६३च्या सुमारास जेटीएम४५ उभा केला. कागदावर दोन्ही सर्किटं जवळपास एकच. बदल कुठे झाले ते बघा. पहिल्या जागी १२एवाय७ ट्यूबऐवजी ईसीसी८३ बसली, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडात मिळणारे आले, आणि उघड्या पाठीच्या पेटीतल्या दहा इंची चार जेन्सन स्पीकरच्या जागी बंद पेटीत बारा इंची चार सेलेस्टिअन आले. एवढ्यावर दोन वेगळी घराणी सुरू झाली. पुढे १९८९मध्ये लॉस एंजेलिसला मॅचलेस कंपनी निघाली, तिनेही व्हॉक्सच्या एसी३० या जुन्या ॲम्पचाच धागा पकडला.

मग बुटीकवाला पैसे कशाचे घेतो? चांगल्या ट्रान्सफॉर्मरचे, नीट मांडणीचे आणि कानाने ऐकून दोन-चार रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या व्हॅल्यू बदलण्याचे. ॲम्पेगमध्ये इंजिनिअर राहिलेले केन फिशर न्यू जर्सीत घरच्या घरी ट्रेनरेक बांधायचे आणि प्रत्येक ॲम्पला सीरियल नंबरऐवजी बाईचं नाव द्यायचे. २००६ साली ते गेले. अलेक्झांडर डंबल तर सर्किटवर एपॉक्सी ओतून ठेवायचे, कुणी उघडून नक्कल करू नये म्हणून. लोकांनी ती एपॉक्सी खरवडून काढलीच. आज दोघांचीही सर्किटं इंटरनेटवर फुकट मिळतात. तरीही त्या ॲम्पच्या नकला एकमेकींसारख्या वाजत नाहीत, आणि त्याचं कारण सर्किटच्या कागदावर सापडत नाही.

तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. एक्स्प्रेस पहिल्या बांधणीला घेऊ नका. त्यात प्रवर्धन इतकं आहे की एक वायर बोटभर इकडची तिकडे झाली तरी ॲम्प शिट्टी मारतो. माझा तसला पहिला ॲम्प तीन आठवडे शिट्टीच मारत होता. बांबूच्या सळईने एकेक वायर ढकलत बसलो तेव्हा कुठे दोषी सापडली. धातूचा स्क्रू ड्रायव्हर त्या कामाला वापरायचा नाही, आत चारशे व्होल्ट असतात.

५ई३ गोड आहे, पण त्याचे स्वभावदोष आधी माहीत असावेत. त्यात निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा आत देऊन ॲम्पला शिस्तीत ठेवणं) नाही आणि कपलिंग कॅपॅसिटर, म्हणजे एका टप्प्याचा आवाज पुढच्याला देणारे, ०.१ मायक्रोफॅरडचे आहेत, म्हणजे बास सढळ हाताने पुढे जातो. टेलिकास्टरला ते शोभतं. तुमच्या हंबकरवाल्या गिटारने ॲम्प अर्ध्यावर उघडला की खालच्या तारा ओल्या पोत्यासारख्या वाजतात. सुरुवातीचे कॅपॅसिटर ०.०२२ केले की बरंच निवळतं. शिवाय त्याचे दोन व्हॉल्यूम एकमेकांच्या कामात लुडबुड करतात. काहींना त्याचा वैताग येतो. मला आवडतं.

१८ वॅट तुमच्या कॅफेला सगळ्यात जवळचा वाटतो. दोन ईएल८४ ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूबमधला प्रवाह तिच्या कॅथोडच्या रेझिस्टरने ठरतो), मध्यम बास. ईएल८४ म्हणजे आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतलीच बाटली. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्या पुष्कळ बनवल्या, मुंबईच्या चोर बाजारात आजही हाताला लागतात. टेस्ट केल्याशिवाय घेऊ नका, विकणारा प्रत्येक जण "एकदम कोरी" असंच म्हणतो. नव्या हव्यात तर स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीच्या घ्या आणि विषय संपवा.

पण माझं ऐकाल तर या तिघांआधी फेंडरचा चॅम्प, ५एफ१, बांधा. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३ अशा तीन ट्यूब, बाकी मोजके रेझिस्टर-कॅपॅसिटर. दोन रविवारांत होतो. चुका करायच्या त्या त्याच्यावर करून घ्या. बारा इंची स्पीकरवर लावला की लोक विचारतात, हा कुठला ॲम्प? रेकॉर्डिंगला तर मी अजून तोच वापरतो.

ट्रान्सफॉर्मरवर जरा जास्त लिहितो, कारण नाशकात बांधणाऱ्याचा घोळ इथेच होतो. परदेशातून मागवले तर लोखंडाचं वजन, कुरिअर आणि ड्युटी मिळून जीव जातो. आपल्याकडे सातपूर-अंबडमुळे मोटर आणि ट्रान्सफॉर्मर वाइंड करणारे भरपूर आहेत, म्हणून इथेच गुंडाळून घ्यायचा मोह होतो. मीही तेच केलं. चॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर एका वाइंडरकाकांना दिली. माणूस हाताचा पक्का, वायरचे थर बघत राहावेत असे. मी फेरे दिले, वायरचा गेज दिला, स्टॅम्पिंगचा, म्हणजे कोअरच्या लोखंडी पत्र्यांचा, साइज दिला. चार दिवसांनी व्हार्निश मारलेला, चकचकीत ट्रान्सफॉर्मर हातात आला. लावला, तर ॲम्पचा आवाज टेबलावरच्या ट्रान्झिस्टरसारखा. बास नावाची गोष्टच नाही, आणि जरा जोरात वाजवलं की आवाज फाटतोय.

दोन दिवस मी ट्यूब बदलल्या, कॅपॅसिटर बदलले. मग ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट काढून कडेने बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काकांनी सवयीने स्टॅम्पिंग उलटसुलट घातलं होतं: एक ई आकाराची पट्टी इकडून, पुढची तिकडून, मेन्स ट्रान्सफॉर्मरला घालतात तसं. चॅम्पमध्ये एकच आउटपुट ट्यूब असते, तिचा चाळीसेक मिलीअँपिअर डीसी सतत एकाच दिशेने प्रायमरीतून, म्हणजे ट्यूबकडच्या गुंडाळीतून, वाहतो. कोअरला फट नसेल तर त्या डीसीच्या चुंबकत्वानेच लोखंड भरून जातं, बासला जागा उरत नाही. सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने आणि मध्ये पातळ कागद, असं भरायचं असतं. मी परत गेलो आणि हे सांगितलं तर काका दुखावले. "अहो, फट ठेवली तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणणार. मी न गुणगुणणारा बनवून दिला, तर तुमची तक्रार?" त्यांच्या धंद्यात ते बरोबरच होते. चूक माझी, कारण कागदावर 'फट' हा शब्द मी लिहिलाच नव्हता. स्टॅम्पिंग काढून पुन्हा भरलं, वहीचा एक कागद कापून मध्ये घातला, आणि तोच ट्रान्सफॉर्मर त्याच फेऱ्यांनिशी असा वाजला की बायको आतून बघायला आली.

५ई३ आणि १८ वॅटमध्ये दोन ट्यूब आमनेसामने असतात, दोघींचा डीसी एकमेकाला काटतो, तिथे ही फट लागत नाही आणि उलटसुलट स्टॅम्पिंगच बरोबर. तिथे सांगायची गोष्ट वेगळी: प्रायमरी आणि सेकंडरीचे (स्पीकरकडच्या गुंडाळीचे) थर आलटून-पालटून घ्यायला सांगा, नाहीतर वरचा, धारदार आवाज गळतो. हाती आलेला ट्रान्सफॉर्मर तपासायचा सोपा उपाय आहे. ८ हजार ओहम ते ८ ओहम हवा असेल तर गुणोत्तर एक हजार, त्याचं वर्गमूळ ३१.६. सेकंडरीला एक व्होल्ट एसी द्या, प्रायमरीच्या दोन टोकांवर एकतीस-बत्तीस व्होल्ट दिसले पाहिजेत. तिथे वीस दिसले तर पैसे द्यायच्या आधी बोला.

मेन्स ट्रान्सफॉर्मरचा घोळ आपल्या विजेमुळे. पुस्तकात २३०, आमच्याकडे सिडकोत रात्री मीटर लावला की बऱ्याचदा २४५ दिसतात. ट्रान्सफॉर्मर २२०चा गुंडाळला असेल तर सगळे व्होल्टेज अकरा टक्क्यांनी वर. फिलामेंटला, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेला, ६.३ ऐवजी ७ व्होल्ट जातात, आणि ट्यूबचं आयुष्य तिथेच घटतं. प्रायमरीला २३० आणि २५० असे दोन टॅप मागा, दोन टॅपने किंमत फार वाढत नाही. कुणी अमेरिकेतून १२० व्होल्टचा जुना ॲम्प आणून स्टेप-डाउनवर लावत असेल तर त्यालाही सांगा: स्टेप-डाउनने व्होल्ट कमी होतात, सायकल (हर्ट्झ) पन्नासचीच राहते. नुसत्या साठ सायकलसाठी काटेकोर बनवलेलं लोखंड पन्नासवर तापतं. ॲम्पवर ५०/६० छापलंय का, हे आधी बघायचं.

जास्तीचे व्होल्ट ट्यूबला किती जाचतायत, हे कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये शाळेतल्या गणिताने कळतं. माझ्या चॅम्पचे आकडे देतो. कॅथोडला ४७० ओहम, त्यावर २० व्होल्ट. वीस भागिले ४७० म्हणजे साडेबेचाळीस मिलीअँपिअर. त्यातले तीनेक स्क्रीनचे, म्हणजे ट्यूबच्या आतल्या दुसऱ्या जाळीचे, ते वजा करा. प्लेटवर ३४० होते, कॅथोडचे वीस वजा जाता ३२०. गुणाकार साडेबारा वॅटच्या थोडा वर. ६व्ही६ची जुनी मर्यादा बारा वॅट, नंतरच्या कोष्टकांत चौदा. म्हणजे ट्यूब कडेवर बसलीये, पण पडत नाहीये. रात्री व्होल्टेज चढलं की पडेल, म्हणून मी ४७०च्या जागी ५६० ओहम लावला. आवाजात फरक मला तरी ऐकू आला नाही, ट्यूब मात्र त्यानंतर चार वर्षं टिकली. तुम्ही कुठलंही सर्किट बांधलंत तरी हे गणित पहिल्या दिवशी करा आणि चेसिसच्या आत कागदावर लिहून चिकटवा.

हम, म्हणजे गुणगुण. सगळे परदेशी व्हिडिओ ६० आणि १२० सायकलच्या भाषेत बोलतात, आपल्याकडे ते ५० आणि १०० धरायचं. जाड, मऊ गुणगुण म्हणजे पन्नास: फिलामेंटच्या वायरी किंवा ग्राउंडची चूक. जरा किरकिरी, वरच्या पट्टीतली म्हणजे शंभर: फिल्टर कॅपॅसिटर किंवा त्याचं ग्राउंड. पहिली ट्यूब सॉकेटमधून काढा. हम गेला तर तो तिथून किंवा तिच्याआधीच येतोय, राहिला तर पुढे शोधा. फिलामेंटच्या दोन्ही वायरी दोरीसारखा घट्ट पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्यातून न्या. आणि चेसिसला भोकं पाडायच्या आधी हे करा: मेन्स ट्रान्सफॉर्मरला वीज द्या, त्याच्या बाकीच्या सगळ्या वायरींची टोकं वेगवेगळी टेप लावून बंद करा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला जुना हेडफोन जोडा, आणि तो ट्रान्सफॉर्मर टेबलावर हळूहळू फिरवा. एका कोनात गुणगुण जवळजवळ गायब होते. बहुतेक वेळा काटकोनात, पण नेहमी नाही. तिथे पेन्सिलने खूण करा. मला हा प्रयोग कळायच्या आधी मी एक चेसिस वाया घालवलंय, तांबट आळीतून आणलेल्या जाड पत्र्याचं.

कॅपॅसिटरच्या ब्रँडवर लोक रात्र-रात्र भांडतात. मायक्रोफॅरडचा आकडा आणि व्होल्टेज बरोबर असेल तर कुठलाही नवा, चांगला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन लावा. लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. जुन्या पद्धतीचे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर मात्र मी टाळतो, ते दमट हवेत पाणी ओढून घेतात आणि पावसाळ्यानंतर खरखर सुरू होते. निदान पहिल्या ट्यूबच्या प्लेटला तरी मेटल फिल्म लावा.

तुलनेचा प्रश्न तुम्ही एका ओळीत विचारलाय, पण माझ्या मते तोच सगळ्यात अवघड आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राने परदेशी बुटीक ॲम्प आणला, अठरा वॅटच्याच जातीचा. माझाही तयार होता. पाच जण माझ्या गच्चीवरच्या खोलीत बसलो, मध्ये चादर बांधली, एकाने मागे बसून वायरी बदलायच्या असं ठरलं. पहिल्या फेरीत सगळ्यांनी एकमुखाने तोच ॲम्प निवडला, बुटीकवाला. मी मनातून खट्टू. मग चादरीमागच्याने मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप काढलं. बुटीकवाला दोन डेसिबल मोठा होता. मोबाइलचा आकडा खरा नसतो, पण दोन आवाजांतला फरक तो बऱ्यापैकी दाखवतो. व्हॉल्यूम जुळवून पुन्हा ऐकवलं, तर दोन मतं इकडे, दोन तिकडे, आणि प्रत्येकाचं मत दर फेरीला बदलायला लागलं. दोन डेसिबल फरक असला की कान त्याला 'मोठा' म्हणत नाही. 'भरदार', 'जिवंत', 'थ्री-डी' असले शब्द काढतो.

शेवटच्या फेरीत ॲम्प तोच ठेवून स्पीकर बदलला. तो फरक चहा घेऊन आलेल्या माझ्या मुलीनेसुद्धा न विचारता सांगितला.

त्यामुळे तुलना करायची तर स्पीकर एकच, पेटी एकच, आवाज जुळवलेला. दर वेळी हात वेगळा वाजवतो, म्हणून गिटार लूपरमध्ये (तुकडा साठवून पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र) भरून तोच तुकडा दोन्ही ॲम्पना द्या. लूपरची एक खोट आहे: पिकअप आणि ॲम्पच्या पहिल्या ट्यूबचा ग्रिड, म्हणजे सिग्नल आत घेणारं टोक, एकमेकांशी जे बोलतात ते त्यात हरवतं. त्यासाठी शेवटी दहा मिनिटं थेट गिटार लावून वाजवा, व्हॉल्यूमची कळ कमी-जास्त करत. चांगला ॲम्प मला तिथे कळतो, गिटारची कळ सातवर आणल्यावर आवाज स्वच्छ होतो की नुसताच मेंगळट. आणि स्पीकर एका ॲम्पमधून काढून दुसऱ्याला लावताना पहिला ॲम्प बंद करा, किंवा त्याला ८ ओहमचा पन्नास वॅटचा रेझिस्टर जोडून ठेवा. ट्यूब ॲम्प भाराशिवाय वाजवला तर प्रायमरीत व्होल्टेज उसळतं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून जळू शकतो. त्या संध्याकाळी आमचा एक जाता-जाता वाचला.

म्हणून पैसे साठवून परदेशी ॲम्प मागवू नका, असं माझं मत. विकताना भाव मिळावा, बिघडला तर कुणाला तरी फोन करता यावा, ही तुमची गरज असेल तर तो खर्च योग्य आहे. नुसत्या आवाजासाठी नाही. ऐंशी हजारांत आधी चॅम्प, मग १८ वॅट आणि दोघांना मिळून एकच चांगला बारा इंची स्पीकर, एवढं बसवता येईल. ट्रान्सफॉर्मर कुठून घेता यावर थोडं इकडे-तिकडे. घरी वाजवायला चॅम्पला अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा) लावा. तरी खालच्या काकांना एकदा भेटून या.

पहिल्यांदा चालू करण्याआधीचं सांगतो. थ्री-पिन, आणि ज्या बोर्डावर लावणार तिथलं अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशिअनकडून बघून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. गिटारच्या तारा थेट चेसिसला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमची बोटंही. इलेक्ट्रिशिअन वापरतात तो सिरीज बोर्ड घ्या, त्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही. ट्यूब न लावता ॲम्प त्यावर चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, झगझगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. फिल्टर कॅपॅसिटरवर २२० किलोओहमचा ब्लीडर, म्हणजे साठलेली वीज रिकामी करणारा रेझिस्टर, कायमचा लावा. तरीही आत हात घालण्याआधी प्लग काढून, मिनिटभर थांबून, मीटरने मोजा. वीस व्होल्टच्या खाली आल्याशिवाय डाग द्यायला बसू नका. मोजताना डावा हात खिशात. मला एकदाच बसलाय, कोपरापर्यंत, आणि समोरच्या कपाटाच्या काचेत मी स्वतःला मागे फेकला जाताना पाहिलंय.

राहिला कॅबिनेटचा प्रश्न. जुने फेंडर पाइनच्या भरीव फळ्यांचे असायचे. अंबडच्या कारखान्यांत मशिनरी ज्या पाइनच्या खोक्यांतून येते, त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. खिळे नीट काढून सुताराकडून रंधा मारून घ्या. तो सनमायका लावून देतो म्हणेल, ऐकू नका. आणि मागची फळी स्क्रूने बसवायला सांगा, खिळ्यांनी नको. पहिल्या महिन्यात ती दहा वेळा उघडावी लागणार आहे.